गुलामांनी काय केलं?

"पुन्हा वाच," धुरपता म्हणाली. तिचे हात पिठात होते.

कमला तिची एकोणीस वर्षांची लेक. तिनं पुस्तक दाराच्या उजेडाकडे धरलं. "अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर लाखो गुलाम राबत. उत्तर-दक्षिण युद्ध झालं आणि दयाळू राष्ट्राध्यक्षांनी गुलामांना मुक्ती दिली."

"मुक्ती देल्ली? आन् गुलामाइनं काय केलं?"

"ते नाई लिवलं, माय."

"काऊन नाई लिवलं?"

शनिवारी कमला त्यांच्या आंजी गावाहून वर्ध्याला गेली आणि वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. त्यात होतं. गुलाम हजारोंनी मळे सोडून पळाले होते. जवळपास दोन लाख काळ्या माणसांनी अंगावर फौजेचे कपडे चढवून लढाई केली होती.

धुरपतानं ते पान तीनदा वाचायला लावलं. मग कोळसा घेऊन चुलीमागच्या भिंतीवर सन लिहिले. १८६१. १८६५.

"पेपरात हेच लिवाचं," ती म्हणाली.

"मार्क कापतीन, माय."

"कापू दे."

इतिहासाचा पेपर मंगळवारी होता. सोमवारी ताराचंदांचा बैल मेला. ते गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. दीड वर्षापूर्वी धुरपताच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून मेलेलं जनावर कुणी ओढलं नव्हतं. बापूराव, धुरपताचा नवरा, पुलगावच्या गिरणीत कामाला, रविवारीच घरी यायचा. ते ठाऊक असूनच ताराचंद दारात आले.

"धुरपते, उद्या सकाळी बैल उचलून टाक. चार माणसं घे वस्तीतली."

"नाई होत."

"काऊन?"

"ते काम सोडलं आमी. आन् उद्या वर्ध्याले परीक्षा हाये. आमी दोघी जाऊन राह्यलो."

ताराचंद हसले. "पोरीले काय बॅरिस्टर करतं? सोंगणीले वावरात पाय ठेवू देणार नाई तुले. समजलं?"

एरवी धुरपता त्यांना 'मालक' म्हणायची.

"समजलं, ताराचंदजी," ती म्हणाली आणि भाकरी उलटवायला वळली.

सकाळी बैलबंडीवाल्यानं दोघींना बसवून घेतलं नाही. त्याला निरोप पोचला होता. दोघी पायी निघाल्या. पाच कोस. वाटेत कमला प्रश्नोत्तरं म्हणायची, धुरपता चालता चालता मान हलवायची. वस्तीतल्या बाया रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या होत्या. बैल ताराचंदांच्या गोठ्यात तसाच पडून होता.

वर्ध्याच्या शाळेच्या फाटकाशी पोरापोरींची गर्दी होती. दोघींचे पाय धुळीनं पांढरे झाले होते. चपराशानं हात आडवा केला.

"परीक्षेवाले आत. सोबतच्याइनं बाहेर थांबा. हॉलतिकीट?"

कमलानं थैलीतून कागद काढून दिला. चपराशानं तो वाचला, दोघींकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"धुरपताबाई बापूराव. कोन?"

"मी," धुरपता म्हणाली. "आन् हे माही मास्तरीन."