अडवलेली सूचना

सूचनांची फळी गावात घरोघर फिरते: वाचायची, वाचल्याचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. फुमिएने ती न वाचताच तीन दिवस अडवली होती. पुढचं घर इवाओचं होतं आणि पाटाच्या पाण्यावरून त्यांचा नऊ वर्षं अबोला होता. आज पहाटे तिने फळीवरचा कागद वाचला. तारीख आजचीच होती: ‘सकाळी सहा वाजता हेलिकॉप्टरने भातावर फवारणी. मधमाश्या कोंडून ठेवा.’ ती अनवाणीच धावली. इवाओ मधपेट्यांपाशी होता. “काय काकू, वाट चुकलात?” “टोमणे नंतर मार. हे वाच!” क्षणात तो पेंढ्याने पेट्यांची तोंडं बुजवू लागला. टेकडीमागून घरघर आली. दोन पेट्या उरल्या. तो एका पेटीकडे गेला. माश्यांना जन्मभर भिणाऱ्या फुमिएने अंगातला कोट काढून दुसरीच्या तोंडावर दाबला. हेलिकॉप्टर निघून गेलं. “फळी आजच आली?” इवाओने विचारलं. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. “नाही. मीच अडवली होती.”