फोकस डोळ्यांवर

“आधी फोटो, मग रडायचं!” असं मी मृण्मयीला पहिल्याच अपघाताच्या जागी खडसावलं होतं. आमच्या पेपरात फोटोग्राफी शिकायला आलेली ही पोर तेव्हा कॅमेरा सोडून मुसमुसत बसली होती.

काल इमारत कोसळली म्हणून आम्ही दोघं धावलो. माझी बहीण तिथेच राहायची. ढिगाऱ्यातून तिचा देह बाहेर काढला, तेव्हा माझा कॅमेरा गळ्यात तसाच लटकत राहिला. समोरून क्लिक ऐकू आलं. मग कॅमेरा खाली ठेवून मृण्मयी हमसाहमशी रडली.

आज पहिल्या पानावर माझा चेहरा आहे. फोकस नेमका डोळ्यांवर, शिकवला तसा.

संपादकांनी सांत्वन केलं आणि हळूच विचारलं, “मृण्मयीला कायम करायचं का?”

“करा,” मी म्हणालो. “तयार झालीय.”