तिसरा खंड

अल्लीपूरच्या रुख्माबाईंचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. तो मेला असं सरकारनं कधी कळवलं नाही, जिवंत आहे असंही नाही. "माहा पोरगा आला अन् दाराले कुलूप दिसलं तं त्यानं कुठं जावं?" एवढं बोलून सासूनं डोळे मिटले. तेव्हापासून रुख्माबाई एक रात्रही घराबाहेर राहिल्या नाहीत. सख्खा भाऊ वारला, तेव्हाही दिवस मावळायच्या आत परत आल्या.

पुतण्याची मुलगी सुरभी सावंगीच्या दवाखान्यात नर्स होती. आजीनं आपल्याजवळ राहायला यावं म्हणून ती मागे लागली होती. तिनंच सांगितलं, की आपल्या लढायांचा मोठा इतिहास खंडाखंडानं छापून निघतोय आणि तिसरा खंड एकाहत्तरचा आहे. रुख्माबाई त्या खंडाची वाट पाहू लागल्या.

"आजी, आजोबा जिवंत असतीन असं वाटते का तुले?"

"नाई वं. ते गेले असं कोणीतरी लिहून दिलं, म्हंजे मले कुलूप लावता येईन."

खंड आला. सुरभीनं आजोबांच्या पलटणीचं प्रकरण ओसरीवर बसून वाचून दाखवलं. शेवटी एवढंच होतं : गस्तीवर गेलेल्या जवानांचा पुढे पत्ता लागला नाही.

रुख्माबाईंनी सुरभीच्या हातातला खंड मिटला. मग त्यांनी विचारलं, "पुढचा खंड कधी येते?"

"आजी, तो कारगिलचा आहे."

 

"असू दे. कधी येते?"