डंकनचं दुकान

"हमूंगा ताडपत्रीकाम. हेच ना?" दारातल्या माणसाने हातातला कागद आणि वरची पाटी दोनदा ताडून पाहिली. "मी बूद्रो. हॅलिफॅक्सहून आलोय, स्थलांतर खात्यातून."

मुतिंता हमूंगाने शिलाई मशीनवरचा पाय काढला. वर्षभर ती या माणसाची वाट पाहत होती, आणि तो उगवला तो नेमका ती एका कोळ्याच्या मेणकापडी डगल्यात कोपरापर्यंत हात घालून बसली असताना.

"या ना, बसा."

बूद्रो बसले नाहीत. "चाळीस मिनिटं गावात फिरतोय. पेट्रोल पंपावर विचारलं, धक्क्यावर विचारलं, चर्चपाशी विचारलं. तिन्हीकडे एकच उत्तर, असलं दुकान इथे नाही. एवढंसं गाव, म्हणे वर्षभर चाललेलं दुकान, आणि कोणाला ठाऊकच नाही?"

मुतिंताने डगल्यातून हात काढून घेतले. झांबियातून ती इथल्या कॉलेजात शिकायला आली, पदवी घेतली आणि हे दुकान टाकलं. पदवीधराने स्वतःचा धंदा वर्षभर स्वतः चालवून दाखवला, तर प्रांत त्याच्या कायमच्या वास्तव्याची शिफारस करतो. धंदा नुसता कागदावरचा आहे असं या माणसाने लिहिलं, की खेळ खलास. ऑगस्टमध्ये परवाना संपला की बाडबिस्तरा गुंडाळायचा.

"हे होडीचं आच्छादन," ती घाईघाईने दाखवू लागली. "या हॉकीच्या पिशव्या, चेनी बदलायला आल्यात. हा डगला—"

"कापड दिसतंय मला. कापड काय, कोणीही आणून ठेवेल. गिऱ्हाईक कुठे आहे?"

आमच्या गावात दार वाजवायची पद्धत नाही. ते धाडकन उघडलं आणि एफी मॅकास्किल आत आली. एफीने ऐंशी कधीच ओलांडली, पण आवाज अजून धक्क्यापर्यंत पोचेल असा.

"झाला का गं डगला? आमच्या लॉकीला उद्या पहाटे समुद्रावर जायचंय आणि बगलेत हे एवढं भगदाड..." बूद्रोंना पाहून ती थबकली. "अगं बाई! हे इथे कसे?"

"पेट्रोल पंपावर तुम्हीच होतात," बूद्रो म्हणाले. "तुम्हीच मला सांगितलंत, असलं दुकान गावात नाही."

"नाहीच मुळी. तुम्ही हमूंगा का काय ते विचारलंत. डंकनचं दुकान कुठे, असं विचारायचं ना! शेंबड्या पोरानेही आणून सोडलं असतं. जुन्या शाळेपाशी वळायचं, की समोरच."

"मला तर वाटेत शाळा दिसली नाही."

"कशी दिसेल? एकोणऐंशी साली जळाली ती."

बूद्रोंनी पेन काढलं. "हा डंकन कोण? मालक तो आहे का?"

मुतिंताचा चेहरा उतरला. आता हे नवीनच.

"तो कशाला मालक होतोय!" एफी म्हणाली. "चार वर्षं झाली त्याला जाऊन. चर्चच्या मागे आहे, भेटायचं असेल तर."

"मग दुकान चालवतं कोण?"

"ही काय, तुमच्यासमोर धडधडीत बसलीय! सकाळी सातला मशीन सुरू होतं हिचं. आणि हिने शिवलेलं उसवत नाही. डंकनचं उसवायचं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण उसवायचं."

बूद्रोंनी ते लिहून घेतलं. मुतिंताला हसू आलं आणि रडूही. ती पाटी तिने स्वतः तीनदा रंगवली होती. तरी रोज कोणीतरी फोनवर म्हणायचं, 'डंकनच्या दुकानात आहे, येतो,' आणि तिला ते दर वेळी टोचायचं. आज तर ते मुळावरच उठलं होतं.

"शेवटचा प्रश्न," बूद्रो म्हणाले. "बरेच जण कागद हातात पडले, की महिन्याभरात टोरंटो गाठतात. तुम्ही इथेच राहाल, हे कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर मुतिंताने आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं. समुद्र, शांतता, प्रेमळ माणसं, सगळं त्यात होतं. तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"खरं सांगू? वर्ष झालं, पण गावाने या दुकानाला अजून माझं नाव दिलेलं नाही. मी तुम्हाला कशावरून सांगू?"

"अगं वेडे!" एफी तिच्याकडे बघतच राहिली. "हे मनाला लावून घेतलंस होय? डंकन बत्तीस वर्षं बसला इथे. तो जिवंत होता तोवर एकानेही याला डंकनचं दुकान म्हटलं नाही. त्याच्या आधी इथे बसायचा त्या रॉरीचं दुकान म्हणायचो. डंकनला माती दिली, तेव्हा कुठे ते डंकनचं झालं."

"म्हणजे माझं नाव लागायला आधी मला मरावं लागेल, आजी?"

"ते तर लागेलच." एफीने डगल्याची बगल दोन्ही हातांनी ओढून बघितली. टाका हलला नाही. "का गं? दुसरीकडे कुठे मरायचा बेत होता तुझा?"

बूद्रो मुतिंताच्या उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांनी लिहायला घेतलं.