रिपोर्ट चांगले होते

करोनातून उठल्यापासून नूतनला जरा काम केलं की धाप लागायची. लावणी करता करता ती मध्येच बांधावर जाऊन बसायची, भाकऱ्या थापताना हात गळून जायचे. नवऱ्याने, काळूरामने, तिला अलिबागला नेऊन रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं चांगलं आलं. तेव्हापासून ती बसली रे बसली की तो चारचौघांत म्हणायचा, "रिपोर्टात काय न्हाय. हिच्या मनातच हाय सगळं." बायका हसायच्या. हळूहळू नूतनने दुखणं सांगणं सोडलं. "बघा, बरी केली की न्हाय?" असं काळूराम कौतुकाने सांगू लागला.

परवा पाठ धरली म्हणून तो रेवदंड्याला दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई आधीच्या एका पोराला समजावत होत्या, "करोना जातो, पण काहींचा थकवा वर्षानुवर्षं राहतो. जगभर अशी कितीतरी माणसं आहेत. रिपोर्ट चांगले येतात, म्हणून घरचेच विश्वास ठेवत नाहीत."

काळूराम पाठ न दाखवताच रिक्षा करून घरी आला. नूतन स्वयंपाकघरात होती.

"नूतन, चुकलं माझं. तुझा आजार खराच व्हता."

"व्हता न्हाय. अजून हाय."

"मग इतकी वर्षं बोलली का न्हायस?"

नूतन भिंतीला टेकली. थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली.

"बोलायलाबी दम लागतो," ती म्हणाली.