खचून जाऊ नये

छापखान्याचा नियमच होता: मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कागद बाहेर जायचा नाही. मालकांनी त्यांच्यासमोर एक पत्र ठेवलं. कुणाला तरी नोकरीवरून कमी केल्याचं. नावाची जागा कोरी होती.

बाईंनी लाल पेन उघडलं. "'या निर्णयामुळे आपण हिरमुसून जाऊ नये'? अहो साहेब, फुगा फुटला की पोर हिरमुसतं. इथे तुम्ही माणसाच्या पोटावर पाय देताय. 'खचून' लिहा."

"एवढा काय फरक पडतो हो?"

"हिरमुसलेलं पोर संध्याकाळी परत खेळायला लागतं. खचलेला माणूस वर्ष-वर्ष उठत नाही. आणि नाव राहिलंय. कोणाचं पत्र आहे?"

मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचंच आहे, बाई. आता चुका कॉम्प्युटरच काढतो."

बाईंनी कोऱ्या जागेत स्वतःचं नाव नीट लिहिलं आणि ते 'खचून'चं अख्खं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं.

"हे काढा. मी खचायचं की नाही, ते तुम्ही नका सांगू. बाकी पत्र बरोबर आहे."