मर्व्हचा एक तारा

रेलीननं पेपर टेबलावर आपटला, तेव्हा मर्व्ह बेकरीत बसून सॉसेज रोल खात होता.

"एक तारा? एवढ्या चांगल्या सिनेमाला एक?"

"अर्धा छापत नाहीत गं," मर्व्ह सॉस ओतत म्हणाला.

रेलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिन्यांपूर्वी ती ॲडलेड शहर सोडून या गावात आली होती, इथलं मरायला टेकलेलं थिएटर चालवायला. नगरपालिकेनं आता निक्षून सांगितलं होतं. शनिवारी दुपारच्या खेळाला दीडशे माणसं आली तर थिएटर राहील, नाहीतर तिथं रस्त्याच्या कामाची यंत्रं ठेवू. म्हणून तिनं हट्टानं हा सिनेमा मिळवला होता, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. दोनदा बघून दोनदा रडली होती. आणि गावच्या साप्ताहिकात हा शहाणा लिहितो, 'घरी बसून भिंत बघा, जास्त करमणूक होईल.'

"थिएटरच्या दारातला फळा कधी वाचलास?" तिनं विचारलं. त्या फळ्यावर प्रत्येक सिनेमापुढं दोन आकडे असायचे, एक मर्व्हचा, एक प्रेक्षकांचा. "तुझे पाच, गावाचे दोन. तुझा एक, गावाचे चार. वर्षानुवर्षं हेच! मग चुकतंय कोण? अख्खं गाव की तू?"

"गाव कधीच चुकत नाही."

"मग दारावर लावायला चार तारे लिहून दे!"

"नाही. एकच."

"अरे, माझ्या पहिल्या दोन सिनेमांना पाच-पाच दिलेस, तरी कुत्रं फिरकलं नाही. एकाला कोण येणार?"

मर्व्ह बोटाला लागलेला सॉस चाटत बसला.

"बघतेच मी," रेलीन म्हणाली. "एकेक दार ठोठावीन, पण दीडशे आणून दाखवीन."

ती त्याच दुपारी निघाली. पण दाराशी तोंड उघडायच्या आत लोक म्हणायचे, "अगं, येतोय की!" औषधाच्या दुकानातली डोरीन तर हसायलाच लागली. "मर्व्हनं एक तारा दिलाय म्हटल्यावर चुकवून कसं चालेल? त्या बाबाला काय कळतंय!"

शनिवारी एकशे ऐंशी माणसं आली. नगरपालिकेच्या साहेबालासुद्धा उभं राहावं लागलं.

सिनेमा संपला तरी कुणी उठेना. मग नाकं पुसत एकेक जण बाहेर पडू लागला. इथून बाहेर पडताना प्रत्येकानं चिठ्ठी फाडायची असते. तिच्या कडेला एक ते पाच आकडे छापलेले असतात, आपल्या आकड्यापाशी फाडायची आणि डब्यात टाकायची. रेलीन डब्यापाशीच उभी होती. बहुतेक चिठ्ठ्या पाचपाशी फाटत होत्या. तिला तर नाचावंसं वाटत होतं.

सगळ्यांत शेवटी मर्व्ह आला. डोळे लालभडक. त्यानं खाली मान घालून चिठ्ठी फाडली, आणि रेलीननं त्याचं मनगटच धरलं. चिठ्ठी पाचपाशी फाटली होती.

"पेपरात एक आणि इथं पाच? लाज वाटते का रे?"

मर्व्हनं मागंपुढं पाहिलं. कुणी नव्हतं.

"पंधरा वर्षांपूर्वी एका सिनेमाला मनापासून पाच दिले होते," तो हळूच म्हणाला. "सात माणसं आली. पुढच्या आठवड्यात एका टुकार सिनेमाला शिव्या घातल्या, तर ही रांग! तेव्हापासून उलटं लिहितो."

"म्हणजे माझे ते पहिले दोन सिनेमे..."

"टुकार होते गं. लोकांची दुपार वाचवली मी."

मर्व्हनं मनगट सोडवून घेतलं, चिठ्ठी डब्यात टाकली आणि टोपी चढवली.

"पण कुणाला बोलू नकोस हं," तो म्हणाला. "लोकांचा माझ्यावर विश्वास बसला, तर तुझं थिएटर बंद पडेल."